हंगाम बुडतो तेव्हा क्रेडिट कार्डाची थकबाकी कशी फेडावी

गोव्यातील कितीतरी घरांचे उत्पन्न ऋतूप्रमाणे चालते. पर्यटकांवर ज्यांचे पोट आहे त्यांची कमाई मुख्यतः ऑक्टोबर ते मे या महिन्यांत होते, १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, आणि पावसाने मिळकत आटलेली असतानाच गणेश चवथीचा खर्च समोर उभा राहतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील ट्रकमालकांनी काय सोसले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. क्रेडिट कार्डाचे बिल मात्र बाराही महिने ठरल्या तारखेला येते.

मी बार्देशातील एका पतसंस्थेच्या कर्जविभागात बरीच वर्षे काढली. आता ओळखीतले लोक कागद घेऊन घरी येतात आणि मी ते वाचून देतो. एका पावसाळ्यात पेडणे तालुक्यातील एक जोडपे असेच आले. घराच्या मागच्या दोन खोल्या ते पर्यटकांना भाड्याने देत. छपराची दुरुस्ती, मुलीची फी आणि किराणा यांसाठी वापरलेल्या कार्डावर एक लाख रुपये साठले होते. एका प्लास्टिकच्या पिशवीत स्टेटमेंटे होती आणि लहानशा लाल बटव्यात बाईंच्या चार बांगड्या व मंगळसूत्र. म्हापशाला जाऊन सोने गहाण ठेवायचे आणि कार्ड एकदाचे मोकळे करायचे, असे ठरवूनच ते निघाले होते. वाटेत विचारून घ्यावे म्हणून थांबले. मी त्यांना बटवा आधी आत ठेवायला सांगितले.

कारण कार्डाचे कर्ज विनातारण असते. बँकेने तुमचे घर, गाडी, सोने यांपैकी काहीही गहाण ठेवून घेतलेले नसते. व्याज इतके चढे असण्याचे एक कारण हेच आहे आणि अडचणीच्या दिवसांत तुमच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्टही हीच आहे. घाबरून या विनातारण कर्जाचे तारणी कर्ज करून टाकणे ही मी पाहिलेली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पुढे जे लिहिले आहे ते या चुकीपासून दूर राहून फेड कशी करावी याबद्दल आहे.

किमान देय रकमेचा हिशेब

स्टेटमेंटवर दोन आकडे ठळक असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. अडचणीतला माणूस दुसरा आकडा भरतो आणि महिना निभावला असे समजतो. त्या जोडप्यानेही पाच महिने तेच केले होते. म्हणून मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. थकबाकी १,००,००० रुपये. व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ६३० रुपये. किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के धरली तर ५,००० रुपये. त्यातून व्याज व कराचे ४,१३० रुपये वजा झाले की मुद्दलात जमा होतात फक्त ८७० रुपये. हे ऐकून त्या गृहस्थांनी पेन हातात घेतले आणि तीच बेरीज-वजाबाकी स्वतः पुन्हा केली.

वर्षाकाठी ३६ ते ४५ टक्के असा हा दर आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे दर फार आहे एवढ्याच कारणावर कायद्याकडून सूट मिळेल अशी आशा धरू नये. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पूर्ण रक्कम भरली नाही की ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत संपते, आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर तिला बिनव्याजी मुदत कधीच नसते, वर शुल्क वेगळे. एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्या कार्डाची किमान रक्कम भरणारे लोक मी पाहिले आहेत. हा मार्ग त्याच दिवशी सोडावा.

पहिल्या आठवड्यातील कामे

कार्ड वापरणे थांबवावे. ते कपाटात ठेवणे पुरेसे नाही. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन व दुकानातील व्यवहार बंद करावेत, आणि मोबाइल, वीज, टीव्ही यांची जी बिले कार्डावरून आपोआप भरली जातात ती दुसरीकडे वळवावीत. मागील सहा महिन्यांची स्टेटमेंटे छापून घ्यावीत व दर पानावर व्याज, विलंब शुल्क, जीएसटी आणि प्रत्यक्ष खरेदी यांच्या चार वेगवेगळ्या बेरजा कराव्यात. आपण काय विकत घेतले आणि उशिराची किंमत किती मोजली, हे त्यातून स्पष्ट होते.

त्यानंतर घरखर्च लिहावा. अन्न, औषध, वीज-पाणी, मुलांची फी आणि घरभाडे यांना पहिला हात. त्याखाली तारण असलेली कर्जे, कारण घरकर्जाचा हप्ता चुकत गेला तर घरावर जप्ती येते आणि टॅक्सीचा हप्ता चुकला तर ज्या गाडीवर घर चालते तीच ओढून नेली जाते. कार्डाचा क्रम या सर्वांच्या खाली लागतो. पुष्कळ लोक नेमके उलट करतात. कार्डवाल्यांचे फोन जास्त येतात म्हणून कार्ड आधी भरतात आणि गाडीचा हप्ता चुकवतात. ज्याचा तगादा मोठा त्याचे देणे मोठे, असा नियम नाही.

एक सावधगिरी बचत खात्याबाबतची. ज्या बँकेचे कार्ड थकले आहे त्याच बँकेत पगार जमा होत असेल, तर कराराप्रमाणे ती बँक खात्यातील पैसे थकबाकीत वळते करून घेऊ शकते. म्हणून घरखर्चाचे खाते वेगळ्या बँकेत असावे. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची संमती दिली असेल आणि खात्यात तेवढी शिल्लक राहणार नसेल, तर देय तारखेच्या पुरेशा आधी ती लेखी रद्द करावी. अशी कपात न वठणे हे कायद्याने चेक न वठण्यासारखेच धरले जाते.

बँकेला आधी आपण सांगावे

देय तारीख चुकण्यापूर्वी बँकेला कळवणारा ग्राहक आणि तीन महिने फोन न उचलणारा ग्राहक, या दोघांशी बँक सारखी वागत नाही. खात्यावर डाग नसताना हप्ते बांधून घेणे सर्वांत सोपे असते. फोनवर बोलावे, पण तेवढ्यावर थांबू नये. बँकेच्या अधिकृत ईमेलवर लिहावे आणि तक्रार किंवा विनंतीचा क्रमांक घ्यावा. त्या जोडप्याने लिहिले ते असे:

"माझे पर्यटन व्यवसायातून येणारे उत्पन्न जूनपासून थांबले आहे. आजची एकूण थकबाकी १,००,००० रुपये आहे. सध्या मी गोदामात काम धरले असून दरमहा ५ तारखेला ५,२०० रुपये भरू शकतो. कृपया संपूर्ण थकबाकी २४ समान हप्त्यांत बदलून द्यावी, या दोन महिन्यांचे विलंब शुल्क माफ करावे आणि कार्डावरील नवी खरेदी बंद करावी. उत्तर लेखी मिळावे ही विनंती."

या पत्रात रडगाणे नाही आणि मोघम आश्वासनही नाही. रक्कम आहे, तारीख आहे, मागणी आहे. एक लाखाची बाकी वार्षिक १६ टक्के दराने २४ हप्त्यांत बदलली तर हप्ता साधारण ४,९०० रुपये बसतो. त्यातील व्याजाच्या भागावर जीएसटी असतो, तो पहिल्या महिन्यात सुमारे २४० रुपये आणि पुढे घटत जाणारा. म्हणजे किमान रक्कम म्हणून जे ५,००० रुपये जात होते, जवळजवळ तेवढ्यातच दोन वर्षांत कर्ज फिटते. बँक कोणता दर लावते, प्रक्रिया शुल्क किती, आणि मध्येच सर्व रक्कम भरल्यास दंड आहे का, हे होकार देण्यापूर्वी विचारावे. हप्ता एवढाच मागावा की वाईट महिन्यातही तो भरता येईल. चांगल्या हंगामाच्या भरवशावर मोठा हप्ता कबूल करणे आपल्याकडे फार होते, आणि पुढचा जून आला की तो मोडतो.

केवळ मुदत मिळाली म्हणून निश्चिंत होऊ नये. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने हप्ते पुढे ढकलता आले, त्यात कार्डाची बाकीही होती. पण व्याज चालूच राहिले. सवलत म्हणून बँक काय देते आहे, भरणा पुढे ढकलणे की दर कमी करणे, हा प्रश्न स्पष्ट विचारावा.

कार्डे दोन-तीन असतील तर सर्वांवर किमान रक्कम भरून उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत चढ्या दराच्या कार्डावर टाकावा, हे गणिताने बरोबर आहे. तरीही एखाद्या कार्डावर आठ-दहा हजारच असतील तर ते आधी संपवून बंद करावे, असे मी सांगतो. दर महिन्याची एक तारीख आणि एक धास्ती कमी होते, आणि माणसाला पुढची फेड करण्याचे बळ येते.

सोने, घर आणि सही

साधे वैयक्तिक कर्ज कार्डापेक्षा स्वस्त असते, आणि त्याच्या व्याजावर जीएसटी नसतो. नोकरी टिकून असेल तर आपल्या पतसंस्थेत किंवा बँकेत चौकशी करून कार्डाची बाकी तिकडे वळवणे शहाणपणाचे आहे, मात्र कार्ड त्याच दिवशी बंद करावे; नाहीतर वर्षभरात दोन्ही कर्जे डोक्यावर राहतात.

सोनेतारण कर्जाचा दर कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो, हे खरे आहे. परतफेडीचा पैसा कोठून व केव्हा येणार हे निश्चित ठाऊक असेल, उदाहरणार्थ मुदत ठेव दोन महिन्यांनी सुटणार असेल, तर तो पर्याय वाईट नाही. उत्पन्नच थांबलेले असताना मात्र त्याचा अर्थ वेगळा होतो. हप्ता चुकला तर दागिन्यांचा लिलाव होतो. याउलट कार्डाच्या थकबाकीपायी बँकेने न्यायालयातून हुकूमनामा मिळवला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. जे मंगळसूत्र न्यायालयही मागत नाही, ते आपण होऊन काउंटरवर ठेवायला निघतो. हे सांगितल्यावर बाईंनी बटव्याची दोरी पुन्हा घट्ट ओढली आणि म्हणाल्या, "भाऊ, हे मला कोणीच सांगितले नव्हते."

घर गहाण ठेवणे तर टाळावेच. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते आणि स्थावर मालमत्ता विकण्यास किंवा गहाण ठेवण्यास दोघांची संमती लागते. त्यामुळे "फक्त एक सही कर" असे घरात कोणी म्हणाले तर ती सही लहान गोष्ट नसते. एकाच्या कार्डाच्या थकबाकीचा दुसऱ्याच्या वाट्यावर काय परिणाम होतो, हे स्थानिक वकिलाला कागद दाखवून विचारावे. कोऱ्या किंवा पुढच्या तारखांच्या चेकवर सही करू नये. कार्डाची थकबाकी हा दिवाणी विषय आहे, पण न वठलेला चेक फौजदारी खटल्यात नेतो. मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या अनोळखी ॲपपासून आणि विनापरवाना सावकारापासून दूर राहावे. थकबाकी निम्म्यावर आणून देतो म्हणून आगाऊ फी मागणाऱ्यांनाही एक रुपया देऊ नये. ते जे करतात ते पत्र लिहून आपल्याला करता येते.

तारीख चुकलीच तर

१ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी काही गोष्टी ठरवून दिल्या आहेत. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येते व पतमाहिती कंपन्यांना, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, खाते थकीत म्हणून कळवता येते. ते शुल्क न भरलेल्या रकमेवरच आकारायचे असते, पूर्ण बिलावर नव्हे. न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावता येत नाही. स्टेटमेंटमध्ये याविरुद्ध काही आढळले तर लेखी हरकत घ्यावी. देय तारखेपासून ९० दिवसांत किमान रक्कमही पूर्ण भरली गेली नाही तर खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे बुडीत जाऊ लागलेले कर्ज, ठरते. म्हणून जे काही ठरवायचे ते या ९० दिवसांच्या आत ठरवावे.

वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक व शेजाऱ्यांना त्रास देणे, या सर्वांना मनाई आहे. फोनजवळ एक वही ठेवावी आणि प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याचे नाव व दोन ओळींत बोलणे लिहावे. दारात माणूस आला तर ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र मागावे, आणि रोख रक्कम त्याच्या हाती देऊ नये. मर्यादा ओलांडली गेली की त्या वहीतील नोंदींसह बँकेकडे लेखी तक्रार करावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार-पोर्टलवरून विनामूल्य दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

नोटीस आली तर ती न घेता परत पाठवणे ही चूक आहे. न्यायालयाची किंवा लवादाची नोटीस असेल आणि आपण हजर राहिलो नाही, तर निकाल एकतर्फी लागतो. "उद्या पोलीस येतील" अशी भीती घालणाऱ्या फोनला मात्र घाबरू नये. फसवणूक नसेल तर पैसे नसल्यामुळे कार्ड थकणे हा गुन्हा नाही. हुकूमनामा झाल्यावर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते हेही लपवण्यात अर्थ नाही, परंतु पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग तसेच भविष्य निर्वाह निधी यांना कायद्याचे संरक्षण आहे. वकील परवडत नसेल तर आपल्या भागाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे. कार्डाची प्रकरणे दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत ठेवली जातात आणि तेथे बँकेचे अधिकारी बोलणी करण्याच्या तयारीने आलेले असतात. एवढेच ध्यानात ठेवावे की लोकअदालतीचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नाही. जो हप्ता झेपणार नाही तो तेथे कबूल करू नये.

तडजोड आणि कागद

फेड खरोखरच अशक्य असेल तर थकबाकीपेक्षा कमी रक्कम एकरकमी भरून तडजोड करता येते. तिची किंमत पुढे मोजावी लागते: पतअहवालात, म्हणजे पतमाहिती कंपन्यांकडच्या आपल्या कर्जांच्या नोंदीत, खाते "बंद" असे न दिसता "तडजोड केलेले" असे दिसते, आणि नंतर घरकर्ज मागायला गेल्यावर ते आडवे येते. म्हणून हप्त्यांनी पूर्ण फेड शक्य असेल तोवर तडजोडीकडे वळू नये, असे माझे मत आहे. बँकेने कर्ज "राइट ऑफ" केले म्हणजे ते माफ झाले असाही समज आहे. ती बँकेच्या वहीतील नोंद असते, देणे तसेच राहते.

तडजोड ठरलीच तर पैसे भरण्याआधी बँकेच्या नावाचे पत्र हातात हवे. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, अंतिम तारीख आणि ही पूर्ण व अंतिम परतफेड असल्याचा उल्लेख असावा. पैसे थेट कार्डखात्यात भरावेत, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही. नंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा; सर्व बाकी भरलेली असताना सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले नाही, तर दर दिवशी ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

दोनेक महिन्यांनी पतअहवाल तपासावा. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चूक आढळली तर तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर त्यापुढील दर दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते. स्टेटमेंटे, ईमेल, फोनची वही, पावत्या आणि तो दाखला एका फाइलमध्ये ठेवावा. जुनी थकीत खाती बँका दुसऱ्या कंपन्यांना विकतात, आणि चार-पाच वर्षांनी कोणी अनोळखी माणूस फिटलेल्या कर्जासाठी फोन करतो, तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला तोच एक कागद असतो.